काहूनभाऊचा पहारा

काहूनभाऊला साधं ‘नमस्कार’ म्हटलं तरी तो समोरच्याकडे रोखून बघायचा आणि विचारायचा, “काहून?” ‘का’ विचारायचं असलं की आम्ही वऱ्हाडातली माणसं ‘काहून’ म्हणतो, पण आम्ही ते गरजेपुरतं म्हणतो. याला ते श्वासासारखं लागायचं. न्हाव्यानं “बारीक करू का?” म्हटलं की “काहून?” डॉक्टरनं जीभ दाखव म्हटलं की आधी “काहून?” आणि मग जीभ. एकदा होस्टेलच्या रेक्टरांनी त्याला दम भरला, “तू प्रत्येक गोष्टीत ‘काहून’ विचारतोस, हे बंद कर.” आता तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको. रेक्टर पुढे त्याला पाहिलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकानं जाऊ लागले.

हजेरीपटावर त्याचं नाव तुळशीराम होतं. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्याच्या वडिलांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधले आणि नदीला नेऊन सोडले. “समदे देव गेले,” तो सांगायचा, “माह्या नावातला राम तेवढा राह्यला. त्याले काढाले हेडमास्तरची सही लागते.”

मी यवतमाळच्या कॉलेजात आलो तेव्हा साठ-एकसष्ट साल असावं. मारेगावपलीकडच्या एका खेड्यात मिशनचा लहानसा दवाखाना होता आणि माझे बाबा तिथे कंपाउंडर होते. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, चर्च कौलारू. मला कॉलेजला धाडताना आईनं जवसाची चटणी दिली आणि बाबांनी बायबल दिलं. चटणी आठवड्यात संपली. बायबल कित्येक महिने कोरं करकरीत राहिलं.

घरी आम्ही उपकारस्तुती केल्याशिवाय घास तोंडात घालत नसू. बाबा डोळे मिटत, अन्नाबद्दल देवाचे आभार मानत आणि आम्ही भावंडं एक डोळा किलकिला करून वरणाची वाफ बघत असू. होस्टेलच्या मेसमध्ये मात्र पंचाईत झाली. एवढ्या पोरांच्या पंगतीत एकट्यानं हात जोडायचे म्हणजे लग्नाच्या मांडवात एकट्यानं रडायला बसण्यासारखं. प्रार्थना सोडायची हिंमत नव्हती आणि करायचीही नव्हती. म्हणून मी एक युक्ती काढली. ताट समोर आलं की भातावर वाकायचं, वास घेतोय असं दाखवायचं आणि तेवढ्यात पापण्या मिटून आत आभार उरकायचे. मी पोरांना फसवतोय, तुला नाही, असं मी देवाला आधीच समजावून ठेवलं होतं.

देवाला ते पटलं असेल, पण मेसच्या महाराजाला पटलं नाही. स्वयंपाक करणारा हा महाराज भलता मानी माणूस. एका दुपारी तो वरणाचा डाव हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“का रे, रोज माह्या भातात तोंड खुपसून पाह्यते काय तू? अळ्या सोधून राह्यला का?”

पंगत थबकली. पुढच्याच क्षणी सगळे आपापल्या भातात वाकून बघू लागले. एकाला जिरं सापडलं आणि तो किंचाळला. दोघे ताटावरून उठले. महाराजाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“प्रार्थना करतो मी,” मी पुटपुटलो.

मेसमध्ये असा हशा पिकला की बाहेरचा कुत्रा भुंकत आत आला. हशा ओसरला तेव्हा समोरच्या ओळीतून एक शांत आवाज आला, “काहून?”

“जेवाले भेटलं म्हनून.”

“मेसची फी तं तुह्या बापानं भरली. रांधलं महाराजानं. याच्यात देवाचा हात कोठी लागला?”

मी मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हा मला कॉलेजात मिळालेला पहिला धडा. महाराज तेवढा खूश झाला. जाताना म्हणाला, “मंग माह्या नावानं बी एक म्हनत जा.” त्या दिवसापासून माझं याकोब हे नाव मागे पडलं आणि होस्टेलभर मी पाद्री झालो.

बिंग फुटलंच होतं, तेव्हा मी उघड उघड डोळे मिटू लागलो. त्याचा तोटा रविवारी कळला. रविवारी मेसमध्ये बुंदीचा लाडू असायचा. मी आभार मानून डोळे उघडले तेव्हा देव जागेवर होता, लाडू नव्हता. पुढच्या रविवारी मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना केली, तर लाडू दुसऱ्या बाजूनं गेला. मग मी प्रार्थनाच आखूड करत आणली. शेवटी शेवटी तर ‘हे प्रभू’ म्हणून जी उडी मारायचो ती थेट ‘आमेन’वर.

एका रविवारी काहूनभाऊ आपलं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन बसला. मी डोळे मिटले तसा त्यानं आपला रुंद पंजा माझ्या ताटावर पसरला.

“कर पाद्री, तुहं काय असन ते. सावकाश कर.” मग पंगतीकडे वळून म्हणाला, “देव नाही हे याले दाखवून द्यायचं तं तोंडानं दाखवा. लाडू चोरून काय सिद्ध होते बे? इतकंच सिद्ध होते का तुमी लाडूचोर हाय.”

तेव्हापासून तो रोज माझ्या शेजारी बसू लागला. मी डोळे मिटायचो, तो पहारा द्यायचा, आणि मी ‘आमेन’ म्हटलं की पहिल्या घासाबरोबर माझ्या देवाची सालटी काढायला बसायचा. माझा आजा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झाला, हे कळलं तेव्हा तो खुशीनं मांडी थोपटून म्हणाला, “म्हंजे आपन एकाच घरातले! तुहा आजा एका दारानं निंघाला, माहा बाप दुसऱ्या. फरक इतकाच का तुह्या आज्याले दाराबाहेर कोनीतरी उभा भेटला. माह्या बापाले मोकळं मैदान भेटलं.”

“मंग बरं कोनतं?” मी विचारलं.

“तेच तं पाहून राह्यलो.”

त्याचं पाहणं मला फार महागात पडलं. एकदा त्यानं विचारलं, “तुह्या पुस्तकात पहिले आदम-हव्वा. त्याईले दोन पोरं. एकानं दुसऱ्याले मारलं. मंग उरलेल्या काइनाले बायको कोठून भेटली?”

मी बायबलच्या त्या पानापर्यंत स्वतः कधी पोचलो नव्हतो. तरी पाद्री म्हणवून घेत होतो, गप्प बसणं शोभलं नसतं. म्हणालो, “बाजूच्या गावची असन.”

“ते गाव वसवलं कोनी?”

त्या रात्रीपासून मी बायबल वाचायला घेतलं. माझ्या आयुष्यात ते पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं गेलं, ते बाबांच्या उपदेशानं नाही आणि आमच्या चर्चच्या पाळकांच्या प्रवचनानंही नाही, तर एका नास्तिकाच्या धाकानं. आणि तरी तो माझ्या पुढेच असायचा. मी जेवायला गेलो की तो माझं बायबल घेऊन लिंबाखाली बसायचा. पोरं येता-जाता टोमणे मारायची, “काहूनभाऊ बाटला बे!” तो मान वर न करता म्हणायचा, “पोरगी पाहाले गेलं म्हंजे लगन ठरलं का?”

माझ्या मूर्खपणाचा कळस मात्र पुढेच होता. तर्कशास्त्राचे आमचे सर म्हातारे, सज्जन आणि कडक नास्तिक. देवाचं नाव निघालं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, “पुरावा?” त्यांची चाचणी होती आणि माझा काडीचा अभ्यास झाला नव्हता. संध्याकाळी पोरांमध्ये बसलो असताना काय अवदसा आठवली कोण जाणे, मी छाती पुढे काढून म्हणालो, “उद्याची चाचनी होनार नाही. म्या देवाले सांगतलं.”

सकाळी फळ्यावर सूचना लागली की सर आजारी असल्यामुळे चाचणी होणार नाही.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. दुपारपर्यंत माझ्या खोलीत दरबार भरला. एकाला कबड्डीचा सामना जिंकायचा होता, एकाला मामाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडून हवं होतं. मी डोळे अर्धे मिटून “पाहतो, विचारतो” असं म्हणत होतो, जसं काही देव माझ्याच हाताखाली कारकून होता. तेवढ्यात काहूनभाऊ दारात आला. तो सकाळीच सरांच्या घरी जाऊन आला होता.

“सर तापानं फनफनून राह्यले,” तो म्हणाला. “काकू कपायावर पट्ट्या ठेवून रडून राह्यल्या. हे तुह्या देवानं केलं ना?”

“म्हंजे तसं नाही...”

“मंग कसं? त्यानं केलं असन तं असला देव मले फुकटबी नोको. अन् त्यानं केलं नसन तं तू लबाड हाय. दोनातलं एक घे.”

दरबार उठून गेला. मला दोन्हींतलं एकही घेववेना. मी बाजारातून संत्री घेतली आणि सरांकडे गेलो. सरांनी संत्र्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, “याचं कारण?” मी एक संत्रं सोलायला घेतलं. देव म्हणजे आपलं काम करून देणारा ओळखीचा साहेब, ही माझी समजूत तिथे पहिल्यांदा हलली. पण हलली तेवढीच. ती मोडली पुढच्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी, कापसाची वेचणी चालू असताना, बाबांना विषमज्वर झाल्याचा निरोप आला. मी गावी गेलो. गावभरच्या तापाला पुड्या बांधून देणारे बाबा खाटेवर पडून होते, आणि डॉक्टरांच्या हातून होण्यासारखं सगळं झालं होतं. उरलं होतं ते माझ्या हातात, असं मला वाटत होतं. मी देवाशी सौदे केले. सिनेमा सोडतो म्हणालो. पाळक होतो म्हणालो. सरांचा ताप मी आणला असं पोरांना वाटलं होतं. बाबांचा ताप काढून दाखव, मग मला दुसरं काही नको, असंही म्हणालो. बाबा गेले. पाळकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि देवाची इच्छा म्हणाले. मला त्या हाताचा भार सोसवेना.

होस्टेलवर परतताना एकाच माणसाची धास्ती होती. काहूनभाऊ आता विचारणार, आणि या वेळी संत्री घेऊन कुठे जायचं तेही माहीत नव्हतं. पण त्यानं काही विचारलं नाही. माझी वळकटी उतरवून घेतली, अंगणातून पाणी आणून दिलं आणि जेवायच्या वेळी शेजारी येऊन बसला. मी भाकर मोडली आणि डोळे उघडे ठेवूनच घास उचलणार, तोच त्याचा पंजा ताटावर आला.

“हात काढ,” मी म्हणालो.

“तू डोळे नाही मिटले.”

“आता नाही मिटत. तू जितला. काढ हात.”

“मी कवा जितलो बे? एक तरी गोष्ट पटवून देल्ली का म्या तुले? तू हारला नाही पाद्री, तू रुसला. माह्या मैदानात यायचं असन तं इचार करून ये, हासत ये. असा रडत आलेला मले नोको.”

“भूक लागली मले.”

“मले बी लागली. हा हात इथी हाय तोवर माहं बी जेवन बंद.”

वरण गार झालं. पोरं एकेक करून हात धुऊन गेली. महाराज भाकरीची टोपली कमरेला लावून भिंतीशी उभा राहिला. आम्हाला उठा म्हणायचा धीर त्यालाही झाला नाही. अखेर निव्वळ भुकेपोटी मी डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. शब्द नव्हते, देव नव्हता, बाबाही नव्हते. मी तसाच बसून राहिलो आणि मग डोळे उघडले.

“काहीच नाही म्हटलं म्या,” मी म्हणालो.

“म्हन म्हनून कोनं सांगतलं? फकत दार लावू नोको.” त्यानं हात काढला. “जेव आता.”

असं कित्येक दिवस चाललं. मी डोळे मिटून काहीही म्हणत नसे आणि तो पहारा देत असे. त्या दिवसांत त्यानं माझ्या देवाविरुद्ध एक शब्द काढला नाही. पडलेल्या माणसाशी कुस्ती खेळायची नाही, हा त्याचा धर्म होता. धर्म म्हटलेलं त्याला आवडलं नसतं.

नाताळात तो माझ्याबरोबर गावी आला. “तुह्या मायले भेटाले येतो,” म्हणाला, “देवाले नाही.” आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरच्या थोरल्या मुलानं नाताळच्या उपासनेत उभं राहून, गेलेल्या माणसाच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती करायची. थोरला मी. ती वेळ टाळावी म्हणून मी ताप येण्याची वाट बघत होतो, पण ताप काही आला नाही.

चर्चमध्ये सतरंज्यांवर एका बाजूला बाया आणि एका बाजूला पुरुष बसत. काहूनभाऊ चपला काढून सरळ बायांच्या बाजूला जाऊन बसला. एका म्हातारीनं त्याला कोपरानं ढोसून सांगितलं, “भाऊ, मानसं तिकडे.” त्यानं विचारलं, “काहून?” म्हातारीनं विचार केला, तिलाही कारण सापडलं नाही. “बरं, बस,” ती म्हणाली आणि सरकून जागा दिली. पाळकांनी डोळे वटारले, पण तोवर गायन सुरू झालं होतं.

माझी पाळी आली. मी चांगली प्रार्थना पाठ करून आणली होती. देवाशी मी आजवर छापील मराठीतच बोलत आलो होतो. ‘हे कृपाळू स्वर्गीय पित्या’ एवढं म्हणालो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. आई पदराआड होती.

मग माझ्या तोंडून निघालं, “देवा, मले तुहा राग आला. बाबानं साऱ्या गावाले औषद देल्लं अन् त्याईच्या पाळीले तू चूप बसला. मले हे पटलं नाही. पन हे सांगाले मी आनखी कोनापाशी जाऊ? म्हनून तुह्याचपाशी आलो. असे बाबा आमाले देल्ले, तुहे उपकार.”

मी खाली बसलो. पाळक खाकरले. तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक ‘आमेन’ आलं. आईचं होतं. मग त्या म्हातारीचं, आणि मग साऱ्या मंडळीचं.

बाहेर अंगणात काहूनभाऊ आईनं दिलेला चिवडा खात बसला होता. मी शेजारी बसलो. तोंडातला चिवडा संपवून तो म्हणाला, “आजपावतर तू डोळे मिटून मेसच्या पत्र्यासंग बोलत होता. आज कोनासंग तरी बोलला.”

“म्हंजे पटलं तुले?”

“मले काय पटते? तो हाय का नाही, मले अजून दिसलं नाही. पन तुहं त्याच्यासंग भांडन हाय, हे दिसलं.” त्यानं चिवड्यातला उरलेला शेंगदाणा शोधून माझ्या हातावर ठेवला. “तेवढं पुरे तुले. सोडू नोको.”

मी सोडलं नाही. उत्तरं आजही माझ्याकडे नाहीत. पण ज्याच्याशी भांडायचं तो सोडून जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते सांगणारा माणूस त्याच्यावर विश्वास न ठेवणारा होता. पाळकांनी मला श्रद्धा शिकवली, ती ऐकून झाली की विरायची. काहूनभाऊनं मला तिच्याशी प्रामाणिक राहायला लावलं आणि ती टिकली.

बी. ए. झाल्यावर त्याला आर्णीकडच्या एका खेड्यात मास्तरकी मिळाली. मी यवतमाळच्या मोटारस्टँडवर त्याला पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढली, तो खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा त्यानं गजाशी तोंड आणलं.

“पाद्री, मले वाटते तू माह्यासाठी प्रार्थना करून राह्यला.”

“करतो.”

“कवापासून?”

“लाडूपासून.”

आता तो त्याचा लाडका प्रश्न विचारणार म्हणून मी उत्तर जुळवत होतो. त्यानं विचारला नाही. गजावरची धूळ बोटानं पुसत म्हणाला, “कर. पन त्याले माहा पत्ता नोको देऊ.”

आयुष्यात मी त्याचं पुष्कळ ऐकलं, एवढंच ऐकलं नाही. पत्ता मी त्याच आठवड्यात देऊन टाकला. आर्णीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचं, गाडीवाटेनं आत जायचं, शाळेमागचं शेवटचं घर. त्याच घरात तो मास्तर म्हणून राहिला, त्याच घरात म्हातारा झाला आणि काही वर्षांमागे तिथूनच गेला. शेवटपर्यंत त्यानं कुठला देव मानला नाही, आणि मी त्याच्याकडे गेलो की जेवताना मला घाईही केली नाही.

रोज सकाळी मी माझ्या माणसांची नावं घेतो, तेव्हा त्याचं नाव येतं आणि मागोमाग सगळा पत्ताही येतो. तो आता त्या घरी नाही, हे मला ठाऊक आहे. देवालाही असावं. तरी मी फाट्यापासून सगळं नीट सांगतो आणि वर म्हणतो, “नाही सापडला तं गावात इचार. तिथच्या दोन पिढ्या त्याच्याच हाताखालून गेल्या.”